तीन मजली फुल्ली-गोळा

जावयांनी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, सरलेल्या महिन्याचं पान टर्रकन फाडलं आणि उलटं करून काउंटरवर पसरलं.

"अहो, त्याच्यावर दुधाचे खाडे मांडलेत," मी म्हटलं.

"पाठीमागं कोरं आहे, मामी," जावई म्हणाले. "दोन वर्षं जे पंचांना जमलं नाही ते या पानावर होईल. पेन्सिल द्या कुणीतरी."

माझे दोन्ही मुलगे पेन्सिल शोधायला एकदम उठले. आधी कोण देतो यावरून त्यांच्यात ढकलाढकली झाली. महालिंग तेव्हा चाळिशीचा होता, इराप्पा पस्तिशीचा.

आमचा लॉज मिरजेत, दवाखान्यांच्या रस्त्याला. मिरजेला परगावची माणसं दोन कामांसाठी येतात, तंबोरा घ्यायला नाही तर पोट कापून घ्यायला. तंबोरेवाले सकाळी येऊन संध्याकाळी जातात. पोटवाल्यांच्या मागं चार नातेवाईक येतात आणि ते राहतात. हे आमच्या मालकांनी फार आधी ओळखलं. मालक म्हणजे माझे यजमान, शिवरुद्र शेटे. पण ओळखण्यात अक्कल संपली आणि नकाशा काढताना पुरली नाही. एकेका मजल्यावर त्यांना नऊ खोल्या हव्या होत्या, तीन ओळी, ओळीत तीन. असे तीन मजले. गवंडी म्हणाला, "शेटे, मधल्या खोलीला वारा कुठून येणार?" मालक म्हणाले, "दारातून." तेव्हापासून प्रत्येक मजल्याच्या मधोमध एक अशी खोली, जिला खिडकी नाही, उजेड नाही आणि गिऱ्हाईक नाही. तळमजल्यावरच्या मधल्या खोलीत गाद्या रचलेल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या मधल्या खोलीत मोडक्या खाटा. आणि पहिल्या मजल्यावरच्या मधल्या खोलीत मी.

त्यावरून कुणी माझी कीव करायची नाही. भाड्याला न जाणाऱ्या खोलीत मालकिणीनं राहायचं हा हिशेब माझा मी केला होता. आणि त्या खोलीसारखी खोली साऱ्या मिरजेत नव्हती. वर कोण खोकतंय, खाली कोण भांडतंय, डावीकडं कोण मनाई असताना स्टोव्ह पेटवतंय, उजवीकडं कोणाचा माणूस गेला, सगळं खाटेवर पडल्या पडल्या कळायचं. मुलांची घरं गावात होती. मला तिथं करमलं नसतं. तिथं ऐकायला सुनाच.

मालक गेले आणि वाटणी निघाली. मिळकत दोन जागी, लॉज आणि मालगावच्या रस्त्याचा मळा. आमच्यातली रीत अशी की थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. महालिंगनं वाटे घातले, एकीकडं लॉज, एकीकडं मळा. इराप्पानं लॉज उचलला. महालिंग म्हणाला, "वाटे नीट पडले नाहीत, मोडा." मग मजले वाटायचं निघालं. तळमजला ज्याला जाईल त्याची चंगळ, म्हणून तेही मोडलं. पंच चार वेळा आले, चार वेळा जेवले, चार वेळा हात धुऊन गेले. मळा दोघांनाही नको, कारण तिथं वाकावं लागतं. एका गोष्टीवर मात्र दोन वर्षांत दोघांचं कधी दुमत झालं नाही. आईला कुणी सांभाळायचं? दुसऱ्यानं.

जावई विरूपाक्षराव गडहिंग्लजच्या कॉलेजात गणित शिकवायचे. माणूस सज्जन, पण सरळ रस्ता दिसला की त्यांना वाईट वाटायचं. त्या शनिवारी ते आणि माझी कमळी आले होते. कमळी ही महालिंगाच्या पाठची आणि इराप्पाच्या आधीची. ती काउंटरच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती.

"लहानपणी तुम्ही दोघं फुल्ली-गोळा खेळायचा ना?" जावयांनी विचारलं.

"खेळायचो की," इराप्पा म्हणाला. "पाणी कुणी आणायचं ते त्याच्यावर ठरायचं."

ते खरं होतं. आधी एकमेकांना हरवायचे. मग दोघंही शहाणे झाले, आणि खेळ दर वेळी बरोबरीत सुटायला लागला. पाणी मी आणायची.

"बरोबर!" जावयांना आनंद झाला. "नऊ घरांच्या सपाट खेळात दोघांनाही अक्कल असली तर निकाल लागतच नाही. तुमच्या वाटणीचं तेच झालंय. आता बघा, खेळ जर वर वाढवला तर?"

त्यांनी पानावर नऊ-नऊ घरांच्या तीन चौकटी काढल्या. "हा तळमजला. हा पहिला. हा दुसरा. या एकावर एक आहेत असं समजायचं. सत्तावीस घरं, सत्तावीस खोल्या. एकानं फुल्ली मारायची, एकानं गोळा. कुणाच्याही तीन खुणा एका ओळीत आल्या की तो जिंकला. ओळ आडवी चालेल, उभी चालेल, तिरकी चालेल. वरून खाली चालेल. इमारतीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, पोटातून आरपारसुद्धा चालेल. याला तिसरी मिती म्हणतात."

"मिती म्हणजे तिथी एवढं मला ठाऊक," मी म्हटलं.

"आणि गंमत अशी मामी, की याच्यात बरोबरी होऊच शकत नाही. सगळी घरं भरेपर्यंत कुणाची तरी ओळ लागतेच. सिद्ध झालंय ते."

"कुणी केलं सिद्ध?"

"गणितात झालंय."

"मग ठीक. गणिताला भाऊ नसतात."

ठरलं असं, की जिंकेल त्याचा लॉज, हरेल त्याचा मळा. दोघांनी माना डोलावल्या. दोघांनाही आपण जिंकणार असं वाटत होतं. माझ्या मुलांत आत्मविश्वास मालकांचा आला होता आणि कष्ट माझे यायचे राहून गेले होते.

"आणि आई?" कमळीनं मान वर न करता विचारलं.

जावयांनी चष्मा पुसला. "खोली आहे तशी धरायची. ज्यानं जी खोली मारली, तिच्यातलं सगळं त्याच्या अंगावर. गळका नळ, फुटकी फरशी..."

"आणि म्हातारी," मी वाक्य पुरं केलं.

"म्हणजे, मधली खोली ज्याची, मामी त्याच्याकडं. मग तो जिंको नाही तर हरो."

दोघांनी त्या मधल्या चौकटीतल्या मधल्या घराकडं असं बघितलं, जसा काही तिथं साप बसलाय. मी मनात म्हटलं, सव्वीस घरं भरतील, तेवढं एक कोरं राहील.

लॉज माझ्या नावावर होता, म्हणून मी माझी अट घातली. देव्हाऱ्यातली विभूती आणली, दोघांच्या कपाळाला लावली आणि म्हटलं, "म्हणा. खेळात जे निघेल ते मोडणार नाही." दोघांनी म्हटलं. खेळ दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवणं झाल्यावर.

दिवेलागणीला महालिंग जावयांना पान खायला म्हणून घेऊन गेला. ते परत येतात तोवर इराप्पा त्यांना उसाचा रस पाजायला घेऊन गेला. दोघांच्याही खिशात पेन्सिल होती.

रविवारी सकाळी माझं अजून आवरायचं होतं, तोच महानंदा दारात. ही थोरली सून. हातात पितळी पेला.

"आत्याबाई, दूध. बदाम घातलेत."

लग्न होऊन सोळा वर्षांत तिनं माझ्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. अंधारात तिला दमा होतो म्हणे. मी पेला घेतला. तिनं माझी उशी झाडली आणि म्हणाली, "हे म्हणतात, आईला आता मी कुणाकडं जाऊ द्यायचो नाही."

ती वळते न वळते तोच धाकटी शैला शिऱ्याची वाटी घेऊन आली. दोघी दारात आपटल्या.

"तुम्ही इकडं कशा, वहिनी?"

"सासू आहे माझी. तू कशी?"

"माझीही आहे. आत्याबाई, गरम आहे तोवर खा. आणि यांना स्पष्ट सांगून ठेवा, तुम्ही आमच्याकडंच राहणार."

मागोमाग मुलगे आले. महालिंग माझ्या पायाशी बसला आणि पाय चेपायला लागला. तो शेवटचा माझ्या पायाला लागला तेव्हा त्याला मुलगी बघायला जायचं होतं.

"पाय सोड," इराप्पा म्हणाला. "आईला मी नेणार. लहानपणापासून मी तिचा लाडका."

"लाडका? परवाच्या बैठकीत कोण म्हणालं, आईला मळ्यातल्या खोपीत ठेवू, हवा चांगली असते?"

"आणि आईला देवस्थानाच्या आश्रमात सोडू म्हणाला तो कोण?"

"मी चौकशी केली म्हणालो, सोडू म्हणालो नाही!"

शेजारच्या खोलीत अथणीची एक बाई होती, नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन करायला आलेली. ती हे ऐकून दाराशी आली, डोळ्याला पदर लावून म्हणाली, "नशीब काढलंत हो आजी. मुलं आईसाठी भांडतात."

"थांबा बाई," मी म्हटलं. "अजून जेवणं व्हायचीत."

शिरा मी खाल्ला. दूधही प्याले. संशयापायी अन्न टाकणाऱ्यातली मी नाही. पण सगळे गेल्यावर कमळीला हाक मारली.

"तुझ्या नवऱ्यानं काल यांना काय पाजलं?"

कमळी खाटेवर बसली. माझ्याच भिंतीवर पेन्सिलीनं तिनं त्या तीन चौकटी काढल्या. "हे बघ. कोपऱ्यातल्या खोलीतनं सात ओळी जातात. ही आडवी, ही उभी, ही वरची, अशा. काही खोल्यांतनं पाच, काहींतनं चारच."

"बरं."

"आणि ही तुझी खोली. मधल्या मजल्याची मधली. हिच्यातनं तेरा जातात. वरून खाली, कोपऱ्यातून कोपऱ्यात, सगळ्या हिच्यातनंच. ज्याची पाळी पहिली, त्यानं इथं खूण केली की तो जिंकला. पुढचा खेळ म्हणजे नुसता देखावा. हे यांनी आधी दादाला समजावलं. मग इराप्पालाही समजावलं. शिकवण्यात ते भेदभाव करत नाहीत."

मी त्या मधल्या घरावर बोट ठेवलं. "म्हणजे बदाम..."

"तुला नव्हते, आई. तेरा ओळींना होते."

मला हसू आलं. जन्मभर मी सांगत आले की या घराच्या मधोमध मी उभी आहे म्हणून घर उभं आहे, आणि कुणी ऐकलं नाही. शेवटी गडहिंग्लजच्या मास्तरानं सिद्ध करून दिलं.

जेवणं झाली. काउंटरजवळ सतरंजी घातली, पान पसरलं. एका बाजूला महालिंग आणि महानंदा, एका बाजूला इराप्पा आणि शैला. मध्ये जावई. मी खुर्चीवर.

"पहिली पाळी माझी," महालिंग म्हणाला. "थोरला आहे."

"रीतीनं धाकटा आधी उचलतो."

"ते वाटे उचलायला. हा खेळ आहे."

"मग नाणं उडवा."

"नाण्यावरच द्यायचं होतं तर दोन वर्षं भांडलो कशाला?"

अर्धा तास हेच. जावयांचा चेहरा पडत गेला. "खरं म्हणजे," ते म्हणाले, "तुम्हाला दोघांनाही युक्ती कळली, तिथंच खेळ संपला. ज्याची पहिली पाळी तो मधलं घर घेणार. एक उपाय आहे. मधलं घरच बाद करू."

"चालेल," महालिंग म्हणाला.

"चालेल," इराप्पा म्हणाला.

दोघांनी एका श्वासात म्हटलं. जावयांनी पेन्सिल आडवी धरून ते घर काळं करून टाकलं. घासून घासून कागद चुरगळेपर्यंत.

"मग मी?" मी विचारलं.

महालिंग पंख्याकडं बघायला लागला. इराप्पा शैलाकडं. शैलाला एकदम आठवलं की शिऱ्याचं पातेलं विसळायचं राहिलंय. सकाळी माझ्या उशीवरून भांडलेली चार माणसं, आणि एकाच्या तोंडातून "आई" निघेना.

शेवटी जावईच बोलले. बिचाऱ्यांना सोडवल्याशिवाय गणित टाकता येत नाही. "मामींसाठी चौथी मिती घेता येईल."

"अजून एक मजला चढवता?"

"नाही, वेळ धरायची. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. आपली ही तीन मजली इमारत तीनदा धरायची, ऋतूला एक. एक्याऐंशी घरं होतील. म्हणजे तीच खोली उन्हाळ्यात याची, पावसाळ्यात त्याची असू शकेल. मामींची खोली तीनदा येईल."

"मी तीनदा येणार?"

"म्हणजे, चार महिने एकाकडं, चार महिने दुसऱ्याकडं..."

"आणि उरलेले चार?"

"ते खेळात ठरेल."

"पाचवी मितीही असेल?"

"घेता येते!" जावई खुलले. "दोनशे त्रेचाळीस घरं!"

"ती कशाची?"

"ती दाखवता येत नाही मामी. मनानं धरायची."

"तीच घ्या," मी म्हटलं. "आईला सगळ्यांनी मनानं धरावं. दुधात बदाम घालायला नकोत."

महानंदानं मान खाली घातली. मी खुर्चीवरून उठले. "विरूपाक्षराव, तुम्ही दिशा वाढवल्या, मजले वाढवले, आता ऋतूही वाढवलेत. या खेळात दोनऐवजी तीन माणसं बसवावीत, हे नाही सुचलं तुम्हाला?"

"तीन? तसं... तसं बसवता येतं. पण मग सगळं गणितच बदलतं."

"बदलू दे. कमळे, ती भांडी राहू दे. पेन्सिल घे."

"तिला कशाला?" इराप्पा म्हणाला. "ताईचं लग्नात दिलंय तिला."

"लग्नात तुलाही दिलंय. सूट दिला, घड्याळ दिलं, शैला दिली. तरी बसलायस ना हात पसरून? लॉज माझा, खेळ माझ्या दारात. तिघं खेळतील. मधली खोली परत खेळात. आणि पहिली पाळी कमळीची. विभूती तिलाही लावते, आणि तुम्हा दोघांना परत."

महालिंग लाल झाला. पण महानंदानं त्याच्या कोपराला चिमटा काढला आणि कानाशी लागली. तिला वाटलं मला ऐकू येत नाही. त्या खोलीत राहून माझे कान कसे झाले होते ते तिला काय ठाऊक. "घेऊ द्या की पहिली पाळी," ती म्हणाली. "ती आईच्याच खोलीवर खूण करणार. म्हणजे आत्याबाई गडहिंग्लजला. सुटलो."

महालिंगाचा रंग उतरला. त्यानं इराप्पाकडं बघितलं. इराप्पानंही तेच ताडलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा भाऊ भावाकडं बघून हसला.

"बरं, आईची इच्छा," महालिंग म्हणाला.

महालिंगाची फुल्ली, इराप्पाचा गोळा, कमळीचा ठिपका. कमळीनं खोडरबरानं काळं घर पुसलं आणि मधोमध ठिपका दिला.

"वा ताई!" इराप्पा म्हणाला. "आई तुझ्याकडं."

"लेकीकडंच बरं म्हातारपणी," महालिंग म्हणाला. दोघं असे सैल झाले, जसं काही पाठीवरचं पोतं उतरलं. रात्री ज्या तेरा ओळी पाठ केल्या होत्या त्या त्यांच्या डोक्यातून धुऊन गेल्या. आता त्यांना एकमेकांशिवाय कुणी दिसत नव्हतं.

महालिंगनं फुल्ली मारली ती काउंटरच्या खोलीवर, तळमजल्याच्या पुढच्या कोपऱ्यात. इराप्पानं लगेच तिच्या डोक्यावरची, पहिल्या मजल्याची कोपऱ्यातली धरली. कमळीनं तळमजल्याच्या मधल्या खोलीत ठिपका दिला.

"गाद्या हव्यात व्हय?" महालिंग हसला. "मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या."

"ताईला अंधारच आवडतो," इराप्पा म्हणाला.

महालिंगनं काउंटरच्या शेजारी दुसरी फुल्ली मारली. रस्त्याकडच्या ओळीत दोन झाल्या, तिसरी मारली की लॉज त्याचा. इराप्पानं झडप घालून त्या ओळीच्या टोकाला गोळा मारला, इतक्या जोरात की पेन्सिलीचं टोक मोडलं.

"अडवलं!" शैला ओरडली.

जावई मात्र पानाकडं बघत होते. त्यांच्या भुवया वर गेल्या. मास्तर माणूस, चूक दिसली की तोंड उघडतंच. त्यांनी उघडलं.

"अहो," कमळी म्हणाली, "जरा पाणी आणता का?"

जावयांनी तिच्याकडं बघितलं, चष्मा सारखा केला आणि मुकाट्यानं पाणी आणायला गेले.

कमळीनं ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढलं. घाई नाही. मग दुसऱ्या मजल्याच्या मधल्या खोलीत ठिपका दिला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"झालं."

"काय झालं?" महालिंगनं विचारलं.

"वरून खाली. मोडक्या खाटा, आई, गाद्या. तीन."

दोघं पानावर वाकले. डोकी आपटली. एकदा या चौकटीत, एकदा त्या चौकटीत, बोटं नाचली. त्यांना ती ओळ दिसेना, आणि दिसली तेव्हा पटेना. मला त्यात काही नवल वाटलं नाही. त्या तीन खोल्यांना दोघांनी कधी खोल्या म्हटलंच नव्हतं. त्यांत जायचं ते गादी आणायला, खाट टाकायला, नाही तर माझी सही घ्यायला.

"ही ओळ नव्हे!" इराप्पा म्हणाला.

"आहे," जावई पाण्याचा तांब्या घेऊन दारातून म्हणाले. "एकावर एक. कालच सांगितलं होतं."

"दादा, तू अडवायचं होतंस!"

"मी? तू शेवटी खेळलास! डोळे कुठं होते?"

"तुझ्यावर होते!"

महालिंग माझ्याकडं वळला. आवाजात मध आणला. "आई, खेळच तो. खेळावर कुणी लॉज देतं का?"

"सकाळी नव्हता खेळ. सकाळी पाय दाबत होतास."

"पण..."

"कपाळाला हात लाव. काय लागलं?"

त्यानं खरोखर हात लावला. बोटाला विभूती लागली. तो चपला शोधायला लागला. महानंदा बोलली, पुष्कळ, पण ते रस्त्याला लागल्यावर.

लॉज मी कमळीच्या नावे केला. मळा दोघा भावांत ठेवला. त्याची वाटणी अजून चाललीय. ऐकलंय की जावयांनी तिथं सहावी मिती सुचवली होती, आणि इराप्पानं त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं.

कमळी मिरजेला राहायला आली, जावई शनिवारी यायचे. त्या दिवसांत मी जरा ताठ चालायची. मुलांनी खोडून टाकलेल्या घरात मुलीनं पहिली खूण केली, हे मी अथणीच्या बाईला दोनदा ऐकवलं. महिना झाला नसेल, एक दिवस कमळी गवंड्याला घेऊन माझ्या दारात उभी.

"आई, खाट काढ."

"का?"

"या तिन्ही खोल्या पाडायच्या. वरपासून खालपर्यंत एकच भोक. लिफ्ट बसवतेय. पोट कापलेली माणसं जिना चढतात, बघवत नाही."

गवंडी भिंतीवर हातोडी वाजवून बघत होता. कमळीनं काढलेल्या चौकटींवर.

"म्हणजे मधली खोली तू माझ्यासाठी घेतली नव्हतीस," मी म्हटलं.

"तुझ्यासाठी घेतली असती तर आली असतीस गडहिंग्लजला?"

"मेले तरी आले नसते."

"मग? पुढची खिडकीची खोली रिकामी केलीय तुझ्यासाठी. तिथं राहा आणि काउंटरवर बस. तुला बघून माणसं खोलीत स्टोव्ह पेटवत नाहीत."

मी तिला चार शब्द सुनावणार होते. पण तिच्या जागी मी असते तर गवंडी महिन्याभरानं नाही, दुसऱ्या दिवशी आणला असता. खाट उचलायला मी स्वतः एका बाजूनं हात लावला. खिडकीच्या खोलीत मला काही ऐकू येत नाही, नुसत्या रिक्षा ऐकू येतात. पण उजेड आहे. महानंदाचे केस पिकलेले तिथून स्पष्ट दिसतात.

महालिंगाचे गुडघे आता गेले. गेल्या पाडव्याला तो पेढे घेऊन आला तेव्हा जिना टाळून लिफ्टमध्ये चढला. मी पहिल्या मजल्यावर जाळीपाशी उभी होते. लिफ्ट थांबली, तो भिंतीला धरून उभा. इकडं बघतोय, तिकडं बघतोय.

"सगळं बदलून टाकलं कमळीनं," तो म्हणाला. "आई, तुझी ती जुनी खोली कुठं होती गं? कुठल्या बाजूला?"

"तू उभा आहेस ना, तिथं."

त्यानं पायाखाली बघितलं. मग वर बघितलं. एक पाय उचलला, आणि कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

"बाहेर ये आणि जाळी ओढ," मी म्हटलं. "खाली पेशंट खोळंबलाय."